कोर्टाच्या वेळेबाहेरचं कॉलेज

मुंबईत कायद्याचं कॉलेज आधी सुरू झालं, विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी आलं आणि हायकोर्ट आणखी पाच वर्षांनी. १८५५, १८५७ आणि १८६२ ही ती तीन सालं. पदवी देणारं विद्यापीठ अजून नाही, सनद घेऊन जिथे उभं राहायचं ते हायकोर्टही नाही, अशा काळात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये कायद्यावर व्याख्यानं सुरू झाली आणि त्यातून पुढे शासकीय विधी महाविद्यालय आकाराला आलं. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून ए रोडला लागलं की आजही ते दिसतं. मुंबईचे वकील त्याला नुसतं ‘जीएलसी’ म्हणतात. आशियातलं सर्वांत जुनं विधी महाविद्यालय असा त्याचा उल्लेख नेहमी होतो. विद्यापीठ आणि कायद्याचं कॉलेज यांचं आपल्याकडचं नातं कसं घडलं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. त्या नात्यात काय कायम अडत आलं, हेही इथेच दिसतं.

या आरंभाशी सर अर्स्किन पेरी यांचं नाव जोडलेलं आहे. ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. हे सुप्रीम कोर्ट म्हणजे कंपनीच्या राजवटीत राजाच्या सनदेनं चालणारं, पुढे हायकोर्टात विलीन झालेलं न्यायालय. १८४३ ते १८५२ या काळात पेरी बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्षही होते. मराठी माणसानं त्यांना आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. शिक्षणाचं माध्यम कोणतं असावं, यावर या बोर्डात जो मोठा वाद झाला, त्यात पेरी इंग्रजीच्या बाजूनं उभे होते. समोर होते जगन्नाथ शंकरशेट आणि गणिताची पुस्तकं मराठीत आणणारे जॉर्ज जर्व्हिस. ज्ञान लोकांपर्यंत जायचं तर ते लोकांच्या भाषेतूनच गेलं पाहिजे, असं नाना शंकरशेट आग्रहानं मांडत होते. उच्च शिक्षणापुरती पेरींची बाजू टिकली. ते १८५२ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी वर्गणी काढून त्यांच्या नावानं न्यायशास्त्राचं अध्यासन उभं केलं. ‘पेरी प्रोफेसर ऑफ ज्युरिसप्रुडन्स’ हे पद पुढे शंभर वर्षं या कॉलेजातलं सर्वांत मानाचं पद राहिलं.

त्या वादाचा परिणाम आजही तालुक्याच्या कोर्टात पाहायला मिळतो. तिथलं कामकाज मराठीत चालतं. १९९८ साली महाराष्ट्र शासनानं कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याचं अधिकृतपणे जाहीरही केलं. पण त्या कोर्टात उभा राहणारा वकील ज्या पुस्तकांतून करार, मालमत्ता आणि पुरावा शिकलेला असतो, ती बहुतेक इंग्रजी असतात. उलटतपासणी मराठीत आणि मनातली तत्त्वं इंग्रजीत, अशी कसरत जिल्ह्याजिल्ह्यांतले हजारो वकील दररोज करतात. त्यांच्या त्या कष्टांची दखल आपल्या कायदेशिक्षणानं फारशी घेतलेली नाही.

१८५७ च्या कायद्यानं मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य एवढ्याच विषयांच्या पदव्या त्यानं द्यायच्या होत्या. म्हणजे विद्यापीठाच्या चार खांबांपैकी एक कायद्याचा होता. पहिले कुलगुरू सर विल्यम यार्डली हे मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते. १८९२ मध्ये पहिल्यांदा भारतीय माणूस कुलगुरू झाला, तेव्हा ते होते हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग. नारायण चंदावरकर आणि चिमणलाल सेटलवाड हे पुढचे कुलगुरूही वकिली पेशातलेच. सेटलवाड तर बारा वर्षं कुलगुरू होते. इतकी वर्षं विद्यापीठ कायदेपंडितांच्या हाती असूनही कायद्याच्या कॉलेजला स्वतःचे पूर्णवेळ शिक्षक मिळाले नाहीत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

याचं कारण कॉलेजच्या मूळ रचनेतच होतं. विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं मंडळ होतं. शिकवायचं कॉलेजांनी आणि कायद्याचं कॉलेज सरकारच्या हातात. सरकारच्या हिशेबानं कायदा हा पदवी झाल्यावर फावल्या वेळात उरकायचा अभ्यास होता. बी.ए. झालेला विद्यार्थी दिवसा कुठेतरी नोकरी करी, एम.ए. करी किंवा मामलेदार कचेरीत उमेदवारी करी आणि जोडीला एलएल.बी.च्या टर्म भरी. शिकवणारे हायकोर्टातले बॅरिस्टर आणि वकील. त्यांचा दिवस कोर्टाचा, त्यामुळे वर्ग कोर्ट भरायच्या आधी नाही तर कोर्ट सुटल्यावर. कॉलेजचं वेळापत्रक कॉलेजनं ठरवलेलंच नव्हतं, ते हायकोर्टाच्या घड्याळानं ठरवलं होतं.

तरीही या व्यवस्थेतून निघालेली माणसं पाहावीत. महादेव गोविंद रानडे १८६६ मध्ये एलएल.बी. झाले. बाळ गंगाधर टिळक १८७९ मध्ये. टिळकांनी वकिली केली नाही, पण पुण्यात काही वर्षं कायद्याचा खासगी वर्ग चालवला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर तो त्यांच्या चरितार्थाचा एक आधार होता. स्वतःच्या राजद्रोहाच्या खटल्यात १९०८ साली त्यांनी स्वतःच बचाव मांडला आणि त्या बचावात कायद्याच्या वर्गातला शिक्षक स्पष्ट दिसतो. टिळकांसारखा माणूस पुण्यात खासगी लॉ क्लास चालवू शकला, कारण पुण्यात कायद्याचं कॉलेजच नव्हतं. १९२४ पर्यंत पुणेकर विद्यार्थ्याला कायदा शिकायला मुंबई गाठावी लागे.

स्त्रियांसाठी तर पदवी मिळूनही दार उघडत नव्हतं. नाशिकला जन्मलेल्या आणि डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या. मायदेशी येऊन १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ची परीक्षाही उत्तीर्ण झाल्या. विद्यापीठानं त्यांना तपासलं आणि उत्तीर्ण ठरवलं. पण सनद देणं विद्यापीठाच्या हाती नव्हतं. १९२३ साली स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा झाला, तोवर सव्वीस वर्षं निघून गेली होती. पदवी एकाच्या हातात आणि सनद दुसऱ्याच्या हातात, हा दुहेरीपणा पुढे सगळ्याच विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला.

आता मुंबईच्या या कॉलेजच्या सर्वांत वैभवाच्या काळाकडे येऊ. १९१७ ते १९४७ या तीस वर्षांत या एकाच कॉलेजात तीन शिक्षक होऊन गेले: पांडुरंग वामन काणे, भीमराव रामजी आंबेडकर आणि आसफ अली असगर फैजी.

काणे चिपळूणच्या परिसरातले. रत्नागिरीच्या शाळेत मास्तर होते, मग हायकोर्टात वकील झाले आणि १९१७ ते १९२३ या काळात लॉ कॉलेजात प्राध्यापक. त्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० मध्ये आला आणि शेवटचा १९६२ मध्ये. साडेसहा हजारांहून अधिक पानांचं हे काम आहे. हिंदू वारसा, दत्तक, स्त्रीधन यांवर आज हायकोर्टात वाद झाला, तरी काण्यांचा आधार घेतला जातो. १९४७ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६३ मध्ये भारतरत्न. फैजींनी मुस्लिम कायद्यावर १९४९ साली प्रसिद्ध केलेलं पुस्तक आजही अभ्यासक्रमात आहे आणि न्यायालयांच्या निवाड्यांत उद्धृत होतं. ते १९३८ ते १९४७ या काळात या कॉलेजचे प्राचार्य आणि पेरी प्राध्यापक होते. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही व्यक्तिगत कायद्यांचे विसाव्या शतकातले दोन प्रमाणग्रंथ लिहिणारे एकाच कॉलेजात शिकवून गेले, हे भाग्य भारतातल्या दुसऱ्या कोणत्या कॉलेजला लाभलं असेल असं मला वाटत नाही.

आणि या दोघांच्या मध्ये डॉ. आंबेडकर.

ते पहिल्यांदा १९२८ मध्ये इथे प्राध्यापक म्हणून आले. त्याच सुमारास मोहम्मद अली करीम छागला हेही इथे संविधानविषयक कायदा शिकवत होते. पुढे ते स्वतंत्र भारतातल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. आंबेडकरांचं पहिलं वर्ष सोपं गेलं नाही. सायमन कमिशनशी त्यांनी सहकार्य केलं, म्हणून त्यांच्या तासांवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातल्याचं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. समोर रिकामे बाक आणि पुण्यात कमिशनपुढे अस्पृश्यांची बाजू मांडायची, अशा दोन आघाड्यांवर ते एकाच वेळी उभे होते.

सात वर्षांनी ते प्राचार्य होऊन परतले. २७ मे १९३५ रोजी राजगृह या घरी पत्नी रमाबाईंचं निधन झालं आणि जूनच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी प्राचार्यपदाची सूत्रं हाती घेतली. घरातलं दुःख ताजं असताना समोर नवं सत्र होतं. त्या वर्षीच्या १३ ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ते सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते. १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून आलं, ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, १९३७ च्या फेब्रुवारीत पक्षानं निवडणूक लढवली, सप्टेंबरमध्ये त्यांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि या सगळ्या काळात ते प्राचार्यच होते. १९३८ च्या मे महिन्यात त्यांनी पद सोडलं.

प्रशासनाच्या अंगानं पाहिलं, तर ही गोष्ट विलक्षण आहे. सरकारी कॉलेजचा प्रमुख विरोधी बाकांवर बसून सरकारविरुद्ध बोलतो, हायकोर्टात अशिलांची वकीलपत्रं घेतो, पक्ष चालवतो. हे शक्य झालं, कारण पद अर्धवेळ होतं. कॉलेजनं आपल्या प्राचार्याचा सगळा दिवस मागितलाच नव्हता. पूर्णवेळ सरकारी नोकरी असती, तर सेवाशर्तींच्या पहिल्याच पानावर आंबेडकरांना राजकारण किंवा प्राचार्यपद यांपैकी एक निवडावं लागलं असतं. अर्धवेळ पद्धतीचा याहून मोठा फायदा सांगता येणार नाही आणि त्या पद्धतीची मर्यादा सर्वांत स्पष्ट ओळखली तीही आंबेडकरांनीच.

१९३६ साली कॉलेजच्या मासिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर एक लेख लिहिला. जो प्राचार्य चळवळीच्या ऐन धामधुमीत विद्यार्थ्यांच्या मासिकासाठी अभ्यासक्रमावर लेख लिहितो, तो त्या खुर्चीकडे मानाचं पद म्हणून पाहत नव्हता. कायद्याच्या विद्यार्थ्याला नुसती कलमं येऊन भागत नाही, कायद्याच्या शेजारचे विषय त्याला माहीत हवेत, मुद्देसूद विचार आणि मांडणी यांची सवय त्याला लागली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कोलंबियात अर्थशास्त्र आणि लंडनला अर्थशास्त्र व कायदा शिकलेला माणूस हे सांगत होता. ही मागणी पुढे पन्नास वर्षं कागदावरच राहिली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम आला, त्यात पहिल्या वर्षांतच राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांना जागा मिळाली, तेव्हा आंबेडकरांच्या त्या लेखाची आठवण किती जणांना झाली असेल?

इथे मुंबईबाहेर थोडं डोकावलं पाहिजे, कारण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात महाराष्ट्रात आणखी दोन वाटा निघाल्या. पुण्यात वकिलांनी एकत्र येऊन इंडियन लॉ सोसायटी काढली आणि तिनं १९२४ च्या जूनमध्ये लॉ कॉलेज सुरू केलं. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे. हे सोसायटीचं कॉलेज. सरकारचं नाही, विद्यापीठाचंही नाही. भारताचे दोन सरन्यायाधीश, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर आणि यशवंत विष्णू चंद्रचूड, इथले विद्यार्थी. लॉ कॉलेज रोड आणि त्यामागची टेकडी पुण्याच्या नकाशावर ज्यांच्यामुळे आली, त्या संस्थापकांनी कॉलेजला सुरुवातीलाच प्रशस्त जागा मिळवून दिली. सरकारी कॉलेजला भाड्याच्या वेळेवर जगावं लागत होतं आणि या कॉलेजला स्वतःचा परिसर होता, एवढ्यानंही विद्यार्थ्यांच्या दिवसाचं रूप बदललं.

तिसरी वाट नागपूरची. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झालं. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हेही वकीलच. दोन वर्षांत विद्यापीठानं स्वतःचं लॉ कॉलेज काढलं. शिकवणारं, परीक्षा घेणारं आणि पदवी देणारं घर इथे एकच होतं. मोहम्मद हिदायतुल्ला इथे १९३५ ते १९४३ या काळात शिकवत होते, पुढे विधी विद्याशाखेचे अधिष्ठाताही झाले आणि नंतर भारताचे सरन्यायाधीश. म्हणजे १९२५ च्या सुमारास एकाच भाषेच्या मुलखात सरकारी, सोसायटीचं आणि विद्यापीठाचं अशी तीन प्रकारची लॉ कॉलेजं चालत होती. तिघांचीही अडचण मात्र सारखीच: चांगला शिक्षक कोर्टात जास्त कमावतो. त्याला दिवसभर वर्गात बसवायचं, तर त्याच्या विद्वत्तेला साजेसा पगार आणि मान द्यायला हवा होता. तो कोणीच दिला नाही.

स्वातंत्र्यानंतर याची झाडाझडती झाली आणि ती करणारे मुंबईच्या कॉलेजचेच माजी विद्यार्थी होते. देशाच्या पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड, म्हणजे कुलगुरू चिमणलाल यांचे चिरंजीव. ते देशाचे पहिले महान्यायवादी आणि शासकीय विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या आयोगाच्या १९५८ च्या चौदाव्या अहवालानं कायदेशिक्षणावर कडक ताशेरे ओढले: वाटेल तिथे निघालेली कॉलेजं, अर्धवेळ शिक्षक, पाठांतरावर सुटणाऱ्या परीक्षा, पुस्तकांविना ग्रंथालयं. अहवालातलं ते प्रकरण आजही वाचवत नाही, कारण त्यातल्या अर्ध्या तक्रारी आजच्या वर्तमानपत्रात छापल्या तरी जुन्या वाटणार नाहीत.

मग १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला. विद्यापीठांशी विचारविनिमय करून कायदेशिक्षणाचा दर्जा ठरवायचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला मिळाला. कोणत्या विद्यापीठाची पदवी सनदेला चालेल, हेही कौन्सिलच ठरवणार. एलएल.बी. दोन वर्षांची होती ती तीन वर्षांची झाली, ऐंशीच्या दशकात बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आला. २००८ च्या नियमांनी एका तुकडीत जास्तीत जास्त साठ विद्यार्थी, सत्तर टक्के हजेरी, अभिरूप न्यायालय, मसुदा-लेखन, वकिलाच्या कार्यालयातली उमेदवारी हे सगळं बंधनकारक केलं. कागदावर कॉलेज आता पूर्णवेळ झालं.

पण आजच्या सरकारी विधी महाविद्यालयाचा कारभार पाहिला, तर त्याला तीन धनी आहेत. इमारत आणि पगार राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचे. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, निकाल विद्यापीठाचे. मान्यता बार कौन्सिलची. प्रवेशासाठी २०१६ पासून राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा, म्हणजे कोण विद्यार्थी येणार हेही कॉलेज ठरवत नाही. प्राचार्याच्या टेबलावर येणारा बहुतेक प्रत्येक कागद या तिघांपैकी दोघांकडे जाऊन आलेला असतो.

एक उदाहरण जवळून पाहू: अनुदानित विधी महाविद्यालयातला एक शिक्षक निवृत्त होतो. त्याची जागा भरण्यासाठी आधी आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यायची, मग शासनाचं ना-हरकत प्रमाणपत्र, मग विद्यापीठाची जाहिरातीला मंजुरी, मग वर्तमानपत्रात जाहिरात. निवड समितीत कुलगुरूंचे प्रतिनिधी हवेत, सहसंचालकांचे प्रतिनिधी हवेत, विषयतज्ज्ञ हवेत. सगळ्यांची एक तारीख जुळली पाहिजे. मुलाखत झाली, उमेदवार ठरला, रुजू झाला, तरी विद्यापीठाची मान्यता आल्याशिवाय आणि ती सहसंचालक कार्यालयात पोहोचल्याशिवाय पगार निघत नाही. मध्येच शासनानं पदभरती थांबवली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. दरम्यान करारांचा कायदा शिकवायचा कोणी? तर तासिका तत्त्वावर नेमलेला एखादा तरुण वकील शिकवतो. तो आधी दोन तास घेतो, मग कोट हातावर टाकून कोर्टाचा बोर्ड गाठतो. हजेरीपत्रक लिहिताना त्याची नजर घड्याळावर असते आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मिळणाऱ्या मानधनात त्याचं घर चालत नाही.

विद्यापीठाच्या बाजूनं काय होऊ शकतं, ते २०१७ साली मुंबईत दिसलं. सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असा निर्णय पुरेशा तयारीविना एकाच परीक्षेत राबवला गेला. निकाल महिनोन्‌महिने रखडले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्याचा मोठा फटका बसला, कारण निकालाशिवाय ना सनदेचा अर्ज करता येत होता, ना पुढच्या पदवीचा प्रवेश. शेवटी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. १८५७ पासून परीक्षा घेणं हेच ज्या विद्यापीठाचं मुख्य काम, तिथे परीक्षाच कोसळली आणि शिकवणारं कॉलेज त्यात काहीही करू शकत नव्हतं.

आणखी एक बदल फारशी चर्चा न होता झाला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नं विद्याशाखांची फेररचना केली: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. विधी ही स्वतंत्र विद्याशाखा उरली नाही. ती मानव्यविद्यांत गेली. १८५७ मध्ये विद्यापीठाच्या चार खांबांपैकी एक असलेला विषय आता एका मोठ्या शाखेतल्या एका अभ्यास मंडळाचा विषय आहे. विधीचा स्वतंत्र अधिष्ठाता नाही, म्हणजे विद्या परिषदेत कायद्याच्या कॉलेजांची बाजू हक्कानं मांडणारा आवाजही नाही. हा बदल मला चुकीचा वाटतो. कायद्याच्या पदवीला बाहेरचं नियामक मंडळ आहे, तिचे तास, तिची उमेदवारी, तिची सनद हे सगळं इतिहास-समाजशास्त्रापेक्षा वेगळं आहे. तिचा कारभार पाहायला जाणकार अधिष्ठाता हवा.

या तीन धन्यांतून सुटायचा एक मार्ग देशानं शोधला: राष्ट्रीय विधी विद्यापीठ. बंगळुरूला १९८८ मध्ये नॅशनल लॉ स्कूलचे पहिले वर्ग भरले. संस्थापक संचालक माधव मेनन यांनी वकील-शिक्षकांची जुनी पद्धत मोडली. विद्यार्थी परिसरात राहणार, शिक्षक पूर्णवेळ, परीक्षा स्वतःची, अभ्यासक्रम स्वतःचा, कुलपती थेट भारताचे सरन्यायाधीश. संस्था स्वतःच विद्यापीठ असल्यानं संलग्नतेचा प्रश्नच नाही. कायद्याच्या शिक्षणाला भारतात पहिल्यांदा स्वतःचा दिवस मिळाला, तो इथे. महाराष्ट्रानं असा कायदा २०१४ मध्ये केला आणि मुंबई, नागपूर, औरंगाबाद इथे एकामागून एक अशी विद्यापीठं निघाली.

मात्र त्या दिवसाची किंमत विद्यार्थ्याच्या घरातून वसूल होते. शासकीय विधी महाविद्यालयाची वर्षाची फी हजारांत, राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च लाखांत. शिवाय तिथे वसतिगृहात राहून पाच वर्षं शिकायचं, म्हणजे तेवढी वर्षं कमाई शून्य. सकाळच्या वर्गाला विरार-बदलापूरहून पहिल्या गाड्या पकडून येणारा, नंतर सॉलिसिटरच्या फर्ममध्ये किंवा बँकेत दिवसभर काम करणारा मुलगा त्या व्यवस्थेत बसत नाही. नानी पालखीवाला याच सरकारी कॉलेजात शिकले आणि होरमसजी सिरवईही. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांसमोर अडुसष्ट दिवस हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि संविधानाच्या मूलभूत चौकटीचं तत्त्व त्या वादातून निघालं. देशातला तो सर्वांत मोठा वाद ज्या दोघांनी मांडला, त्यांना घडवणारं कॉलेज स्वस्त होतं आणि सर्वांना खुलं होतं.

म्हणून सरकारी आणि अनुदानित विधी महाविद्यालयांतली मंजूर पदं पूर्णवेळ भरणं, पेरी अध्यासनासारखी मानाची आणि चांगल्या पगाराची पदं पुन्हा निर्माण करणं, विधीला विद्यापीठात स्वतंत्र विद्याशाखा परत देणं आणि ज्या कॉलेजांची कुवत आहे त्यांना परीक्षेची स्वायत्तता देणं, ही कामं नव्या विद्यापीठांच्या इमारतींइतकीच तातडीची आहेत. आंबेडकरांनी अभ्यासक्रमाबद्दल मागितलेलं बरंचसं आज नियमांत आलं आहे. शिक्षकाबद्दलचं अजून यायचं आहे. परभणीच्या, चंद्रपूरच्या, सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला करारांचा कायदा शिकवणारा शिक्षक दुपारी दोन वाजताही कॉलेजातच भेटावा, त्याच्या खोलीत शंका विचारायला जाता यावं, एवढी साधी सोय अजून बहुतेक ठिकाणी नाही.